भुताला गोळी लागते तेव्हा

‘झपाटलेला’च्या अखेरीस इन्स्पेक्टर महेश जाधव पिस्तूल रोखतो ते एका बाहुल्यावर. तात्या विंचू नावाचा गुंड केव्हाच मेलेला आहे. मरता मरता त्याने बाबा चमत्कारकडून मिळवलेला मंत्र म्हटला आणि त्याचा आत्मा बाहुल्यात शिरला. आता त्याला संपवायचं तर गोळी दोन्ही भुवयांच्या बरोबर मधोमध बसायला हवी. जरा इकडे तिकडे झाली की तात्या पुन्हा हसायला मोकळा. १९९३ साली हा चित्रपट आला तेव्हा मंत्राने उठलेलं भूत पोलिसाच्या गोळीने का मरावं, हा प्रश्न प्रेक्षकांच्या आड आला नाही. रामदास पाध्यांनी घडवलेला तो बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा तो चिरका आवाज एवढ्यावर एका अख्ख्या पिढीची झोप उडाली, आणि तीच पिढी आज मुलांना मांडीवर घेऊन तो चित्रपट पुन्हा दाखवते.

पिस्तूल आणि पिशाच्च एकाच गोष्टीत घालायची हौस ‘झपाटलेला’चे दिग्दर्शक महेश कोठारे यांच्याही आधीची आहे. अमेरिकेत १९५९ साली युनिव्हर्सल स्टुडिओने ‘कर्स ऑफ द अनडेड’ काढला. त्यात काळ्या कपड्यांतला भाडोत्री बंदूकबाज हाच रक्तपिपासू निघतो. त्याच्यावर झाडलेल्या गोळ्या वाया जातात आणि शेवटी गावचा पाद्री गोळीत इवलासा क्रूस बसवून त्याला आडवा करतो. १९६६ साली विल्यम बोडिन या दिग्दर्शकाने ‘बिली द किड व्हर्सेस ड्रॅक्युला’ आणला. बोडिन मोजक्या दिवसांत चित्रपट उरकण्यासाठी प्रसिद्ध होता आणि इथे ते लपत नाही. वटवाघूळ रबराचं आहे हे कुणीही सांगेल आणि ड्रॅक्युला भर दिवसा गावात हिंडतो. ती भूमिका करणारा जॉन कॅराडाइन मात्र कसलेला नट होता. युनिव्हर्सलच्या चित्रपटांत त्याने १९४४ आणि १९४५ साली हाच ड्रॅक्युला रंगवला होता. समीक्षकांनी चित्रपट टाकाऊ ठरवला, तरी साठ वर्षांनंतरही तो पाहणारे आहेत.

पाहतात, पण सांगताना ओशाळतात. आवडत्या चित्रपटांची यादी विचारली की सुशिक्षित मराठी माणूस ‘श्यामची आई’ सांगतो, ‘पथेर पांचाली’ सांगतो आणि रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ हळूच गिळून टाकतो. आनंद खरा आणि त्याची लाजही खरी. ही लाज कशाची? तत्त्वज्ञानाने हा प्रश्न कधीच क्षुल्लक मानलेला नाही.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या चौथ्या भागात लिओन्टिअस नावाच्या माणसाची गोष्ट येते. तो पायरियस बंदराकडून अथेन्सला येत असतो. वाटेत तटाबाहेर, जल्लादाशेजारी प्रेतं पडलेली दिसतात. पाहायची ओढ आणि पाहिल्याची किळस यांत तो काही वेळ झगडतो, तोंड झाकतो, आणि अखेर डोळे फाडून प्रेतांकडे धावत आपल्याच डोळ्यांना शिव्या घालतो. प्लेटोला यातून मनातला राग मनातल्या वासनेविरुद्ध कसा उभा राहतो ते दाखवायचं होतं. पण लिओन्टिअससमोर खरी प्रेतं होती. रबराच्या मुखवट्यासमोर बसलेल्या माणसाची गोष्ट वेगळी आहे. त्याचा निवाडा करायला अथेन्सहून नामपूरच्या परिसरात आलेलं बरं.

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातलं नामपूर मोसम नदीच्या काठी आहे. वरच्या अंगाला साल्हेर-मुल्हेरचे डोंगर आणि हरणबारीचं धरण, भोवती कांदा आणि डाळिंब. हीच मोसम खाली मालेगावात शिरते आणि तिथे गिरणेला मिळते. बागलाणातला माणूस कापड घ्यायला, दवाखान्याला आणि पूर्वी सिनेमाला मालेगावातच उतरायचा. त्या शहराचं नाव बाहेरच्यांना कळलं ते २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांमुळे. जवळच्यांना ते यंत्रमागांचं आणि शुक्रवारच्या सुट्टीचं शहर म्हणून ठाऊक आहे. आठवडाभर मागांची खडखड, शुक्रवारी माग बंद, दुपारची नमाज, आणि मग तिकिटाच्या खिडकीवर झुंबड.

याच शहरात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. ‘शोले’ मुळात पश्चिमी घोडेस्वारपटांच्या मुशीतला, सर्जिओ लिओनेच्या छायेत वाढलेला. मालेगावात घोडे परवडणारे नव्हते म्हणून गब्बरची टोळी सायकलवर आली. आगगाडी नव्हती, तिथे बस आली. सायकलवरचा डाकू पाहताना आधी हसू येतं. मग ध्यानात येतं की पायडल मारणारे ते चेहरे खरोखर रागावलेले आहेत. नटांनी चेष्टा केलेली नाही, त्यांनी डाकू केला आहे. पुढे नासिर यांनी मालेगावचा सुपरमॅन उभा केला. त्यासाठी निवडलेला शफीक शेख हा मागावर राबणारा किरकोळ अंगाचा तरुण. सुपरमॅनचा पोशाख त्याच्या अंगावर सैल लोंबतो, उडण्यासाठी त्याला हिरव्या पडद्यासमोर आडवं बांधून धरलं जातं, आणि त्याची लढाई परग्रहावरच्या कुणाशी नसून आपल्याच शहरातल्या घाणीशी आणि तंबाखूशी आहे. फैजा अहमद खान यांनी २००८ साली हे सगळं ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात टिपलं. चित्रीकरण चालू असताना कॅमेराच पाण्यात पडतो, तो प्रसंगही त्यात आहे. सुपरमॅन झालेला शफीक पुढे कर्करोगाने गेला.

आता पंडितांचा आक्षेप समोर ठेवू. तो साधा आहे: जे पटत नाही, त्यातून रस निपजत नाही. दहाव्या-अकराव्या शतकात काश्मिरात होऊन गेलेल्या अभिनवगुप्तांनी रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली. त्यांतलं पहिलंच हे की, समोर चाललेलं घडू शकेल असंच वाटलं नाही तर प्रेक्षकाचं मन तिथे टेकणार कसं? रबराचं वटवाघूळ, सायकलवरचा गब्बर, दोरीने ओढलेलं दार, सगळं या एका विघ्नात बाद होतं. इथवर आक्षेप बिनतोड वाटतो.

पण अभिनवगुप्त तिथे थांबत नाहीत. विघ्नावरचा उताराही ते सांगतात. लोकांच्या अनुभवातली गोष्ट असेल तर ती आपोआप पटते. अलौकिक काही दाखवायचं असेल, समुद्र ओलांडण्यासारखं, तर ते रामासारख्या प्रख्यात नायकाच्या नावावर दाखवावं. लोकांच्या मनात त्या नावावरचा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला असतो, त्यामुळे शंका उठतच नाही. मालेगावच्या पडद्यावर नेमकं हेच घडतं. गब्बर तिथे रावणाइतका प्रख्यात आहे. त्याचा बाज, त्याची चाल, त्याचा चढता आवाज शुक्रवारच्या गर्दीला पाठ आहे. म्हणून घोडा नसला तरी अडत नाही. घोडा प्रेक्षक घरून घेऊन आलेला असतो. पैशाची उणीव प्रसिद्धीने भरून काढायची ही रीत त्या काश्मिरी आचार्याने नासिर शेखांच्या हजार वर्षं आधी शास्त्रात नोंदवून ठेवली होती.

रामसे बंधूंनाही ती उपजत कळली होती. ‘पुराना मंदिर’ हा १९८४ चा चित्रपट. त्यात सामरी नावाच्या राक्षसाचं मुंडकं धडावेगळं करून पेटीत ठेवलेलं आहे आणि पेटीवर शंकराच्या त्रिशूळाचा पहारा आहे. त्रिशूळ हलला की संकट सुटलं. मधूनच जगदीपचा मच्छर सिंग येतो आणि ‘शोले’ची भरघोस नक्कल करून जातो. एकाच तिकिटात रक्तपिपासू आणि डाकू! सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल हे पेशाने इंजिनीअर. त्यांची उंची आणि चेहऱ्याची ठेवणच अशी की रंगभूषेवर फार खर्च करावा लागला नाही. १९९० च्या ‘बंद दरवाजा’त त्यांनाच रामसेंनी नेवला केलं, थेट ड्रॅक्युलाच्या घराण्यातलं पात्र. सात भावांनी कामं वाटून घेतलेली: तुलसी आणि श्याम यांच्याकडे दिग्दर्शन, गंगूंकडे कॅमेरा, किरण यांच्याकडे ध्वनी. १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ त्यांनी महाबळेश्वरला, घरच्या माणसांना हाताशी धरून काढला. त्याआधी वडिलांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ आपटला होता. पण भावांनी एक गोष्ट हेरली होती. मुखवटा चढवलेला पृथ्वीराज कपूर चोरी करायला येतो तेवढ्या एका प्रसंगासाठी लोक पुन्हा पुन्हा येत होते.

म्हणजे लोकांना मुखवटा दिसत नव्हता का? दिसत होता. इथे अभिनवगुप्तांपेक्षा आपल्याच एका माणसाचा विचार अधिक उपयोगी पडतो. न. चिं. केळकर १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तिथे त्यांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. काव्यनाटकात रमलेला माणूस पात्राशी एकरूप होतो, पण स्वतःचं भान पुरतं सोडत नाही. तो एकाच वेळी तिथे असतो आणि इथेही असतो, आणि त्या दुहेरी असण्यातच आनंद आहे. योग्याची निर्विकल्प समाधी ही नव्हे. केळकरांच्या मताची पुढे मराठीत बरीच चिकित्सा झाली आणि पुढच्या सौंदर्यमीमांसकांनी त्यातल्या अडचणी दाखवल्या. तरीही भयपट पाहणाऱ्याची अवस्था इतक्या नेटकेपणाने दुसऱ्या कुणी पकडलेली नाही. सामरी अंगावर येतो तेव्हा पुढच्या रांगेतला मुलगा किंचाळतो आणि त्याच श्वासात शेजाऱ्याला सांगतो, “मुखवटा आहे रे.” दोन्ही खरं. महागड्या चित्रपटात तंत्र इतकं सफाईदार असतं की ‘विकल्प’ उगवायला जागाच राहत नाही. स्वस्त चित्रपटात शिवण दिसते, आणि प्रेक्षकाला आपल्या रमण्याचा पत्ता लागतो. कमी पैशाच्या भयपटाचा आनंद हा घसरलेला रसास्वाद नाही, रसास्वादाची एक खुली अवस्था आहे.

मग लाज कुठून आली?

नाट्यशास्त्राच्या शेवटच्या अध्यायात तिचा माग लागतो. भरताचे पुत्र नाट्यात तरबेज झाले आणि ऋषींची नक्कल करू लागले. ऋषी चिडले. त्यांनी शाप दिला की तुमचं ब्राह्मण्य जाईल, तुमचा वंश शूद्र होईल. पहिल्या अध्यायात हेच नाट्य पाचवा वेद म्हणून जन्मलेलं आहे, सर्व वर्णांसाठी, वेद ऐकायला ज्यांना मज्जाव होता त्यांच्यासाठी मुद्दाम. सर्वांसाठी काढलेली कला आणि थट्टेबद्दल खाली ढकललेले कलावंत, ही दोन्ही टोकं एकाच ग्रंथात आहेत. रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कुलकर्ण्यांनी तमाशाचा फड धरला, तमाशातली नर्तकी पवळा हिच्याबरोबर उभे राहिले आणि पठ्ठे बापूराव झाले, तेव्हा त्यांच्या जातगोताने काय केलं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. ओशाळं करणारी ती भावना सौंदर्याबद्दलची नाही. कुणाच्या शेजारी बसून हसलो, याबद्दलची आहे. मालेगावच्या बाबतीत तर पुरावा ताजा आहे. मागकामगारांचे हेच उद्योग रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’मधून २०२४ साली टोरांटोच्या महोत्सवात पोहोचले, २०२५ च्या फेब्रुवारीत देशभर लागले, आणि शहरी प्रेक्षक डोळे पुसत बाहेर आले. मूळ चित्रपटांबद्दल हीच मंडळी आदल्या वर्षापर्यंत काय म्हणत होती, हे त्यांनी स्वतःला विचारावं.

धर्माचा आक्षेप मात्र इतक्यावर सोडून देता येत नाही, कारण तो मनापासून घेतलेला असतो. मालेगावात सिनेमाकडे नाराजीने पाहणारी धार्मिक माणसं आहेत. गावातल्या मुली पडद्यावर येत नाहीत, नट्या बाहेरून आणाव्या लागतात. त्यांच्याशी बोलायचं तर त्यांच्याच परंपरेतून बोलावं. ११११ साली वारलेले इमाम गझाली आपल्या मोठ्या ग्रंथात ‘समा’वर, म्हणजे संगीत ऐकण्यावर, एक अख्खं प्रकरण लिहितात. सरसकट हराम किंवा सरसकट हलाल असा निकाल ते देत नाहीत. संगीत मनात नसलेलं काही आणून घालत नाही, आत आहे तेच हलवतं, म्हणून आधी आत काय आहे ते पाहा, असा त्यांचा रोख आहे. ही कसोटी भयपटाला लावली तर प्रश्न ‘पाहावं की पाहू नये’ इथे अडत नाही. पाहताना आतलं काय जागं झालं, इथे येतो.

हिंदू बाजूलाही रक्ताचा विषय सरळ नाही. नामपूरहून नैर्ऋत्येला कळवण तालुक्यात सप्तशृंगीचा गड आहे, साडेतीन पीठांतलं अर्धं पीठ. अठरा हातांची देवी, पायऱ्यांच्या तळाशी महिषासुराचं शिर, आणि समोरचा मार्कंडेयाचा डोंगर. तिथे बसून ऋषींनी देवीमाहात्म्य म्हटलं अशी श्रद्धा. त्या माहात्म्यात रक्तबीज येतो. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तिथून नवा असुर उठतो. उपाय एकच: चामुंडा तोंड पसरते आणि थेंब खाली पडायच्या आत रक्त पिऊन टाकते. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीत ड्रॅक्युलाचं रक्त पिणं भयंकर ठरतं, कारण ख्रिस्ताच्या रक्तातून मिळणाऱ्या अमर जीवनाची ती उलटी नक्कल आहे. म्हणूनच तिथे प्रसादाची पवित्र भाकरी आणि क्रूस त्याच्यावर चालतात. सप्तशृंगीच्या वाटेने वाढलेल्या माणसाला रक्त पिणारं तोंड आधी आईचं म्हणून भेटलेलं असतं. त्याच्या मनात भय आणि भक्ती यांच्यामध्ये कुंपण नाही. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात बोहाड्याला देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे एकाच रात्री, एकाच संबळाच्या ठेक्यावर नाचतात. राक्षसाच्या सोंगाला पोरं भितात आणि त्याच्याच मागे पळतात. रामसेंचा सामरी या प्रेक्षकाकडे आला तेव्हा जागा आधीच तयार होती, तिकिटाचा दर तेवढा नवा होता.

गझालींची कसोटी हातात घेऊन हा आनंद पुन्हा तपासला तर दोन ठिकाणी तो खरोखर डागाळलेला निघतो. त्यात पैशाच्या कमतरतेचा काही दोष नाही. पहिलं ठिकाण बाईचं शरीर. रामसेंच्या चित्रपटांत न्हाणीघराचा प्रसंग ठरलेला, आणि राक्षस येण्याआधी कॅमेराच तिच्यावर चाल करून गेलेला असतो. तिथे प्रेक्षक लिओन्टिअस होतो, आणि त्याने डोळ्यांना शिव्या घालणं योग्य आहे.

दुसरं ठिकाण अधिक गंभीर. भयपटातली चेटकीण, काळ्या विद्येची बाई, केस मोकळे सोडून मंत्र पुटपुटणारी, ही पडद्यावरून उतरून कुठे जाते? सामरी खोटा आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. केळकरांचा विकल्प तिथे जागा असतो. चेटकिणीच्या बाबतीत तो झोपी जातो, कारण गावात तशी बाई ‘आहे’ असं आधीच मानलेलं असतं. जवळच्या नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीत, बायकांना डाकीण ठरवून मारहाण करण्याची, गावाबाहेर काढण्याची प्रथा आहे, आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते तिच्याविरुद्ध वर्षानुवर्षं तिथे काम करत आले आहेत. ती बाई बहुधा एकटी, विधवा, थोड्याशा जमिनीची मालकीण. भयपटाने ही प्रथा निर्माण केली नाही. ती सिनेमापेक्षा कितीतरी जुनी आहे. पण त्या संशयाला त्याने चेहरा आणि पार्श्वसंगीत पुरवलं आहे. शिवण दिसल्याची लाज बाळगणारा प्रेक्षक या चेहऱ्यापाशी मात्र बिनघोर बसतो. लाजेचा पत्ता चुकतो तो इथे.

नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात ज्याला वाईट रंगवलं त्याचं काय, या प्रश्नाची सुरुवात सापडते. इंद्रध्वजाच्या उत्सवात पहिलं नाटक झालं, विषय होता दैत्यांचा पराभव. प्रेक्षकांत दैत्य बसलेले होते. विरूपाक्षाला पुढे करून त्यांनी प्रयोग मोडला: आम्हालाच वाईट ठरवणारं हे नाट्य आम्ही का सोसावं? ब्रह्मदेवाने त्यांना हाकललं नाही. त्यांच्याशी बोलणं केलं, आणि नाट्य फक्त देवांचं नाही, तुमचंही आहे, साऱ्या त्रैलोक्याचं आहे, असं समजावलं. जिला राक्षस म्हणून रंगवलं तिची तक्रार ऐकून घेणं हा त्या शास्त्राच्या जन्माचाच भाग आहे.

नंदुरबारातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्या बाईला असा ब्रह्मदेव मिळत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अनेक वर्षं झगडले, तो २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यावर आधी वटहुकूम म्हणून आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने मंजूर केला. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते असं सांगत तिच्यावर संशय घेणं, तिचं जगणं मुश्कील करणं, हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचली तर तिच्या बाजूने बोलणारं कलम आता तिथे आहे.